पिक्चरमधली झडतीवाली

रविवारी पिक्चरला येतेस का, असं अलकाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आणि का विचारावं? राखोलीच्या त्या स्विचच्या कारखान्यात सुटीच्या वेळी बायकांची झडती घेणं हेच तिचं काम. गेटजवळच्या खोलीत पडद्याआड रोज एकेकीचा डबा उघडायचा, कमरेवरून हात फिरवायचा, वेणी नाहीतर अंबाडा सोडायला लावायचा. जिच्यापुढे रोज संध्याकाळी हात वर करून उभं राहावं लागतं, तिच्याशी मैत्री करायला कोण बसलंय! पण कारखान्याचाही इलाज नव्हता. स्विचच्या आत चांदीचा छोटासा तुकडा बसतो, बायका त्याला टिकली म्हणतात, आणि ती टिकली केसात, पदरात, पोळीच्या घडीत कुठेही मावते.

तर अशा अलकाला सोनीने विचारलं. सोनी म्हणजे स्विच जोडणाऱ्या लाइनमधली सगळ्यांत तरुण पोर. जिभेला लगाम नाही, पण मनात काही ठेवणार नाही. एक तिकीट जास्तीचं आलंय, चला की ताई, म्हणाली. अलका मूळची धुळ्याकडची. नवऱ्याबरोबर राखोलीजवळच्या आमलीत येऊन बरीच वर्षं झाली होती, पण मैत्रीण म्हणावी अशी एक नव्हती. तिने ठेवणीतली साडी काढली, नवऱ्यासाठी खिचडी टाकली आणि निघाली.

पिक्चर चोरीचा होता. एका बँकेची तिजोरी फुटते, पोलीस गावभर शोधत बसतात आणि चोर निघतो आतलाच. अगदी शेवटी कळतं, की गेटवर सगळ्यांची झडती घेणारी बाईच चोरांना सामील होती, आणि तीही पैशासाठी नाही, एका मैत्रिणीसाठी. थेटरात शिट्ट्या वाजल्या. सोनीने अलकाला कोपराने ढोसलं, तेव्हा अलकालाही हसू आलं.

बाहेर येऊन सगळ्या दाबेलीच्या गाडीवर उभ्या राहिल्या आणि मतं सुरू झाली. पुतळाबाई, लाइनमधली सगळ्यांत जुनी, अमळनेरकडची, तिला पिक्चर मुळीच पटला नव्हता. एवढी मोठी बँक आणि पहारेकरी खुशाल झोपा काढतात? चोरी करायला आलेल्यांना मध्येच नाचायला वेळ कसा मिळतो? एकीला हिरो आवडला होता, एकीला हिरोचं घर. सोनीचं म्हणणं, सगळ्यांत भारी ती झडतीवाली. मैत्रिणीसाठी नोकरीवर पाणी सोडलं, अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं. पुतळाबाई म्हणाली, नशीब कसलं डोंबलाचं, ज्याचं खाल्लं त्यालाच बुडवलं. सोनी म्हणाली, बँक काय उपाशी मेली का? असं सगळं रंगात आलेलं असताना ती अलकाकडे वळली.

"पण काय हो अलकाताई, आमची झडती तुम्ही घेता. तुमची कोण घेतं?"

हशा पिकला. अलकाही त्यात सामील झाली, पण घास जरा तोंडातच फिरत राहिला. खरंच, कोणी घेत नव्हतं. गेटवर दुसरी बाईच नव्हती. तरी ती घरी आली ती खुशीतच. नवऱ्याला अख्खा पिक्चर सांगितला, आणि त्या बायका आपल्याला कशा आग्रहाने खाऊ घालत होत्या ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

सोमवारी टिकल्यांचं एक पाकीट कमी भरलं. आणि मग काय विचारता! कॅन्टीनमध्ये, मशीनवर, कंपनीच्या बसमध्ये जो तो त्या पिक्चरवर मत देत होता, आणि प्रत्येक मत फिरून फिरून गेटवर येत होतं. चोर आतलाच असतो. ज्याच्यावर कोणी संशय घेत नाही, तोच असतो. आणि झडती न देता बाहेर पडणारी बाई कारखान्यात एकच. सोनीचा गाडीवरचा विनोद या तोंडातून त्या तोंडात जाता जाता आता पुराव्यासारखा झाला होता. अलकाचं वाईट व्हावं असं कोणाच्या मनात नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पिक्चर आवडला होता लोकांना, एवढंच. पण मंगळवारी बायका तिच्याकडे न बघताच हात वर करू लागल्या.

बुधवारी दुपारी आणखी एक पाकीट कमी निघालं. सकाळपासून गेटबाहेर कोणी गेलेलं नव्हतं, म्हणजे गेलेला माल अजून आतच असणार. कौस्तुभ साहेबांनी अलकाला ऑफिसात बोलावलं. कामगारांचं खातं सांभाळणारे हे साहेब पुण्याचे, वयाने लहान, बोलायला मऊ. बसा म्हणाले, पाणी पुढे केलं. तुमच्यावर कोणाचा आरोप नाही, असं सारखं म्हणत राहिले, आणि ते जितक्यांदा म्हणाले तितकी अलका घाबरत गेली. शेवटी बाहेर आलं ते असं, की चर्चा फार झाली आहे, सिक्युरिटीच्या ठेकेदाराकडून दुसरी बाई मागवतो, तुम्ही काही दिवस घरी थांबा. अलकाही ठेकेदाराकडूनच लागलेली. ठेकेदाराच्या माणसाने घरी थांबायचं म्हणजे काय, ते अलकाला पक्कं ठाऊक होतं. इथल्या सगळ्या कारखान्यांची गेटं तेच दोनचार ठेकेदार चालवतात. चोरीच्या संशयावरून घरी बसवलेल्या बाईला पुन्हा कोण उभं करणार? नोकरी जाईल ती जाईल, पण जाताना चोर ठरवून जाईल.

"साहेब, आज सुटीला माझी झडती घ्या," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. पडदा वर करून."

साहेब गडबडले. घेणार कोण, त्यांनी विचारलं. लाइनमधली कोणीही घेऊ दे, अलका म्हणाली.

बोलून तर गेली, पण ऑफिसाच्या पायऱ्या उतरताना तिचा हात आपोआप डोक्यामागे गेला. झडती म्हणजे अंबाडाही आला. आणि तो अंबाडा तिचा नव्हता. मागच्या मोठ्या दुखण्यात तिचे केस गेले ते परत आलेच नाहीत. उरल्यासुरल्या केसांवर ती गंगावन गुंडाळायची, वरून जाळी आणि पिना. नवऱ्याखेरीज हे कोणाला माहीत नव्हतं. रोज दुसऱ्यांचे केस सोडायला लावणारी बाई, तिने ही गोष्ट जिवापाड जपली होती. अजूनही मागे फिरून, नको साहेब, घरी थांबते, असं म्हणता आलं असतं. ती पाण्याच्या नळापाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग गेटवर गेली.

पाकिटांचं कोडं पुढे सुटलं. माल देणाऱ्याकडूनच ती कमी भरून येत होती. पण त्या संध्याकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पडदा वर बांधलेला, बाहेर बायकांची रांग, पलीकडे बस सुरू करून उभी, आणि कौस्तुभ साहेब दारात. झडती घ्यायला कोणी पुढे येईना. एरवी मतं द्यायला एकेकीची जीभ कशी चालत होती! शेवटी पुतळाबाईने सोनीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं.

"तूच बोलली ना वं माय, मग तूच घे."

सोनीचा चेहरा उतरला होता. तिने डबा उघडला, पिशवी उलटी केली. मग पुढे काय करायचं ते तिला समजेना, तेव्हा अलकानेच तिला हळू आवाजात सांगितलं, खांद्यापासून सुरू कर. सोनीचे हात खांद्यावरून कमरेपर्यंत आले, आणि मग अंबाड्याकडे गेले. बोटं जाळीच्या आत शिरली आणि थांबली. तिला कळलं. तिने अलकाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि हात पटकन काढून घेतला.

"काही नाही साहेब," ती मोठ्याने म्हणाली.

त्या पोरीला तिथेच पोटाशी धरावं असं अलकाला वाटलं. इतक्या वर्षांत असं तिच्यासाठी कोणी केलं नव्हतं. पण रांगेतून आवाज आला, अंबाडा राहिला. बोलणारीच्या मनात काही नव्हतं. तिचा रोज सोडला जायचा, सवयीने बोलली. अलकाने रांगेकडे पाहिलं. या सगळ्यांनी पिक्चर पाहिला होता. मैत्रिणीसाठी डोळेझाक करणारी बाई त्यांना चांगली ओळखीची होती, आणि उद्या त्या बाईचं नाव सोनी पडलं असतं.

अलकाने स्वतःच पिना काढल्या. जाळी काढली. गंगावन सोडून सगळ्यांसमोर झटकलं आणि डब्याशेजारी टेबलावर ठेवलं. डोक्यावर राहिले ते चार विरळ केस, मधून मधून टाळू दिसणारे. साहेबांनी मान फिरवली. रांगेत कोणी हसलं नाही. लाजेने अलकाचे कान तापले होते, तरी तिने मान खाली घातली नाही.

"उद्या नेहमीच्या वेळेला या," साहेब भिंतीकडे बघत म्हणाले आणि निघून गेले.

सोनीने गंगावन उचललं. तिला ते बांधता येत नव्हतं, डोळ्यांतल्या पाण्याने दिसतही नव्हतं. पुतळाबाईने ते तिच्या हातातून घेतलं, अलकाला स्टुलावर बसवलं आणि शांतपणे केस विंचरून अंबाडा घालायला लागली, घरी सुनेचा घालावा तसा. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. कोणीही घाई केली नाही. अलका उठली, तिने पडदा खाली सोडला आणि पहिलीला आत बोलावलं.

पहिली सोनीच होती. तिने हात वर केले. अलकाने तिचा डबा पाहिला, कंबर पाहिली आणि मग तिची लांबसडक, दाट वेणी सोडली. अलकाचे डोळे घळाघळा वाहत होते, पण शेवटच्या पेडापर्यंत तपासल्याशिवाय तिने सोनीला बाहेर सोडलं नाही.