एका कुलपाला एकच किल्ली

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. सध्या एका सरकारी कपाटात, कापडी पिशवीत पडलोय. गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर शिक्का. चोर-बीर नाही मी, मित्रांनो. साक्षीदार आहे. साक्षीदारालाच कोंडून ठेवायची पद्धत कुणी काढली, त्याला एकदा गाठायचंय मला.

आमचा कारखाना रद्दी कागदाचा लगदा करायचा. मधोमध विहिरीएवढी टाकी, तळाला गरगर फिरणारं पातं. रद्दीतून तारा येतात, दोऱ्या येतात, पात्याला गुंडाळून बसतात. मग एकानं शिडीवरून आत उतरायचं आणि ते सगळं कापून काढायचं. आता तुम्ही पात्यावर उभे आहात आणि बाहेर कुणी बटण दाबलं तर?

म्हणून आम्हाला आणलं. सात भावंडं, एकाच खोक्यातून आलो. प्रत्येकाबरोबर दोन किल्ल्या. फोरमनना सगळे आबा म्हणायचे. आबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा केलं, प्रत्येकाची दुसरी किल्ली ऐरणीवर ठेवली आणि हातोड्यानं चेचली. सात किल्ल्या, सात घाव.

बटणावर बसणारी मावशी म्हणाली, "अहो आबा, एखादी हरवली तर?"

"तर कुलूप कापू. अर्धा दिवस जाईल, जाऊ दे. उतरणाऱ्याला जीव एकच, मग किल्लीपण एकच."

नियम सोपा होता. उतरणाऱ्यानं मेन स्विचच्या दांड्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. काम झालं की कुलूप परत फळ्यावरच्या खिळ्याला, किल्ली त्यातच. मी नंबर एक, आबांचा. आबांचे गुडघे गेलेले, ते काही आत उतरायचे नाहीत. तरी सगळ्यात आधी मी लागायचो आणि सगळ्यात शेवटी मी निघायचो. मला काढायच्या आधी आबा टाकीत वाकून बघायचे, एकेकाला नावानं हाक मारायचे. मावशीला कुणाला काही विचारावंच लागायचं नाही. मी दांड्यावर, म्हणजे कुणीतरी आत.

एकदा मालक पाहुण्यांना घेऊन आले. "आबा, पाच मिनिटं चालू करून दाखवा."

"दाखवतो की. ठेंगू वर आला की लगेच."

"किती वेळ लागेल?"

"ते ठेंगूला माहीत."

मालकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पण थांबले. पाहुणेपण थांबले. ठेंगू म्हणजे आमच्यातला सगळ्यात बुटका गडी. तो डोक्यावर लगदा घेऊन वर आला आणि गर्दी बघून म्हणाला, "एवढी माणसं माझ्यासाठी? मग हार कुठाय?" मालकसुद्धा हसले. त्या दिवशी मी किती तोऱ्यात होतो म्हणून सांगू!

मग आबा निवृत्त झाले. त्यांच्या जागी दादा आला. हा दादा आठ वर्षं त्याच टाकीत उतरलेला. माझ्या भरवशावर! इथंच माझं डोकं फिरतं. परका असता तर म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला काय कळतंय.

दादानं आल्या आल्या आमच्या फळ्यावर मोठी पाटी लावली. 'माणूस आधी, मशीन नंतर.' भाषण केलं. टाळ्या पडल्या. मला हात असते तर मीपण वाजवल्या असत्या. महिनाभर त्यानं मला नेमानं लावलं. पुढं मालकांचे फोन वाजायला लागले. "मावशी, लावलंय असं समजा." समजा! मग ते म्हणायचंही बंद झालं. खिळ्यावर लटकून लटकून माझ्या भोकात धूळ साठली.

एक दिवस ठेंगू खिशात किल्ली घेऊन घरी गेला. कुलूप दांड्यावर, मशीन बंद, दुपारपर्यंत सगळे बसून. मालकांनी दादाला सगळ्यांसमोर धुतला. दुसऱ्या दिवशी दादानं सात नव्या कोऱ्या किल्ल्या करून आणल्या, एकाच कडीत ओवलेल्या.

मावशी म्हणाली, "दादा, आबांनी ह्याच तर फोडल्या होत्या."

"आबांच्या वेळेला काम तरी किती होतं, मावशी? असू दे अडीअडचणीला. कोण वापरतंय!"

ठेंगू म्हणाला, "माझ्या जिवाची किल्ली दादांकडे! बायकोलासुद्धा दिली नाय मी." सगळे खो खो हसले. तो स्वतः फारसा हसला नाही. मी बघितलं ना.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत पात्याला तार अडकली. "पाच मिनिटांचं काम, करूनच जेवतो," म्हणत ठेंगूनं नंबर पाच दांड्याला लावलं, किल्ली खिशात टाकली आणि एकटाच उतरला. मावशी तेव्हा डबा घेऊन बाहेर गेलेली. तेवढ्यात दादा आला, कानाला फोन. मालकांचा आवाज मला खिळ्यावर ऐकू येत होता. दादानं नंबर पाच बघितलं, मग खिडकीतून सायकल स्टँडकडं बघितलं. ठेंगूची सायकल नव्हती. ती सकाळीच त्याचा मेहुणा घेऊन गेला होता.

"गेला गाढव परत किल्ली घेऊन!" दादानं खिशातून नव्या किल्ल्यांची कडी काढली.

टाकी दहा पावलांवर होती, मित्रांनो. दहा. तो गेला नाही. वाकला नाही. हाक मारली नाही. नंबर पाच उघडून खिशात टाकलं आणि मोकळा झाला.

मावशी हात पुसत आली. दांडा मोकळा. "चालू करा," दादा म्हणाला. जुन्या सवयीनं तिनं माझ्याकडं बघितलं. मी खिळ्यावर. पण मी तर आता कायमच खिळ्यावर असायचो. तिनं बटण दाबलं.

ठेंगूचा आवाज आला. एकदाच. पुढचं मी सांगणार नाही.

सगळे टाकीकडं धावले. दादा तेवढा धावला नाही. त्यानं खिशातून नंबर पाच काढलं, कडीतली नवी किल्ली सोडवून त्यात घातली आणि माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवलं. ते अजून त्याच्या मांडीनं गरम होतं. मग मावशीच्या कानाशी येऊन म्हणाला, "त्यानं कुलूप लावलंच नव्हतं. न सांगता उतरला. आणि बटण तुम्ही दाबलंय, विसरू नका."

संध्याकाळी तपासणीचे साहेब आले. त्याच पाटीखाली सगळे रांगेनं उभे. "किती सांगितलं, साहेब, ऐकतच नाहीत," दादा म्हणाला. "हे बघा, त्याचं कुलूप फळ्यावरच आहे, किल्लीसकट." साहेब लिहीत गेले. नऊ माणसं आपापले अंगठे बघत उभी. गप्प बसायला दादानं त्यांना कधी शिकवलं नव्हतं. ती त्याच्याकडं बघून शिकली होती. दारात ठेंगूची बायको होती. नवरा आपल्याच मूर्खपणानं गेला, असं ती ऐकत होती.

"साहेब," मावशी म्हणाली, "ठेंगूचा खिसा बघा."

"कशाला?"

"बघा तर."

कपड्यांचं गाठोडं आणलं. शर्टाच्या खिशातून किल्ली निघाली, लाल दोरा बांधलेली. दोरा ओळखून दारातली बाई आत आली. साहेबांनी ती किल्ली घातली. नंबर पाच उघडलं. मग आधी त्यात असलेली चकचकीत किल्ली घातली. तिनंही उघडलं.

"इथं एका कुलपाला एकच किल्ली असते," मावशी म्हणाली. "दुसरी कुठली, ते दादांना विचारा. आणि बटण मी दाबलं. ते आधी लिहा."

"मावशी, नोकरी जाईल!" दादा ओरडला.

"जाऊ दे."

अगदी आबांसारखं म्हणाली ती. मग रांगेतला एक बोलला. मग दुसरा.

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "हे एक नंबर कुणाचं?"

"वरच्या माणसाचं. हे काढायच्या आधी टाकीत वाकून बघायचं असतं. हे दांड्यावर असतं, तर मी बटण दाबलं नसतं."

म्हणून मीपण पिशवीत आलो. दादाचं काय झालं, मावशीची नोकरी राहिली का, इथं मला कोण सांगणार?

मित्रांनो, उद्या तुम्हीपण कुणाचे तरी दादा व्हाल. खेळात, दुकानात, कारखान्यात. पाटी लावा नाहीतर नका लावू, कुणाचं अडत नाही. पण आपल्या भरवशावर कुणी आत उतरलं असेल, तर आपलं कुलूप आधी लावा आणि शेवटी काढा. काढायच्या आधी ती दहा पावलं चाला. वाका. नावानं हाक मारा.

नंबर पाच इथंच आहे, मला टेकून. लाल दोऱ्याची किल्ली त्यालाच बांधलेली आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. काय बोलणार? ते दांड्यावर होतं, आणि मी समोर खिळ्यावर.