बद्रीआबांचे गतिरोधक आणि बुटकी गाडी

अमरसिंहने गाडी चार बोटं खाली घेतली, तेव्हा निम्म्या घाटनांदूरला वाटलं की डिकीत काहीतरी जड भरलंय. उरलेल्या निम्म्याला वाटलं, स्प्रिंगचे पाटे मोडले. दोन्ही बाजूंची माणसं घरी येऊन हळहळून, चहा पिऊन गेली.

गाडी जर्मन होती आणि सेकंडहँड होती. पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरने ती हौसेनं घेतली होती आणि बायकोच्या धाकानं विकली होती. अमरसिंहने तिला कॉइलओव्हर बसवले. म्हणजे शॉकअप आणि त्याला वेढून बसलेली स्प्रिंग असं एकच नळकांडं, आणि त्याच्या अंगावर आटे पाडलेली बांगडी. पान्यानं बांगडी फिरवली की गाडी हवी तेवढी खाली येते, उलटी फिरवली की वर जाते. ही सगळी विद्या त्यानं वडिलांना, म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य बद्रीआबांना, फार जीव तोडून समजावून सांगितली. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "वर बी जाती ना? मग खाली कावून नेतो?"

खाली न्यायचं कारण रविवारी होतं. पुण्याकडच्या एका ट्रॅकवर एकेकट्यानं घड्याळ लावून फेरी मारायची, एवढाच कार्यक्रम. बक्षीस म्हणून एक प्लास्टिकचा कप. पण अमरसिंह दोन वर्षं त्या एका फेरीसाठी झुरत होता आणि हंगामातली ही शेवटची होती. फेरीला गाडी खाली पाहिजे, वळणावर जमिनीला चिकटून राहिली पाहिजे. मुश्कील अशी, की गाडी खाली घेतली की गावातून बाहेर निघत नव्हती, आणि याला कारण साक्षात बद्रीआबा होते.

आबांची सगळी कारकीर्द गतिरोधकांवर उभी होती. शाळेसमोर, दवाखान्यासमोर गतिरोधक पाहिजे असं गावात कुणी म्हटलं नव्हतं. वजनदार माणसांना तो आपल्या दारासमोर पाहिजे होता. दारासमोर गतिरोधक असला की येणाराजाणारा ब्रेक मारतो, मान आपोआप ओट्याकडं वळते आणि रामराम घालावाच लागतो. मग शेजाऱ्याला त्याच्यापेक्षा टीचभर उंच लागतो. आबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. सगळ्यांत उंच अर्थातच आबांच्या दारात होता. त्याच्यावरून एसटी जाताना आतली माणसं उठून उभी राहत, आणि आबा तो मान समजून हात जोडत.

अमरसिंहने पहिल्यांदा गाडी वर घेतली, गावाबाहेर काढली, अंबाजोगाईला जाऊन चाकांची अलाइनमेंट करून आणली आणि घरी येऊन पुन्हा खाली घेतली. उंची बदलली की अलाइनमेंट बिघडते. नुसती दोन गतिरोधकांच्या मधल्या मधे फिरवली, तरी आठवडाभरात टायर आतल्या कडेनं असे झिजले, जसे कुणी कानशीनं घासावेत. दुसऱ्यांदा त्यानं अंबाजोगाईतच गाडी खाली घेतली, त्याच उंचीवर अलाइनमेंट केली आणि परत आला. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं आणि चारी चाकं नुसती नावाला उरली. ज्यांच्या दारात हे घडलं त्यांनी आधी रामराम घेतला, मग माणसं बोलावली.

तिसऱ्यांदा अमरसिंहने डोकं लावलं. शुक्रवारी अंबाजोगाईला गाडी खाली घ्यायची, अलाइनमेंट करायची, गावात आणायचीच नाही. पहिल्या गतिरोधकाच्या अलीकडं कुठंतरी ठेवायची आणि रविवारी पहाटे तिथूनच सुटायचं. पुण्याला जाणारा मांजरसुंब्याकडचा रस्ता त्यानं मोटारसायकलवरून पाहून ठेवला होता, बोट लावायला जागा नव्हती. गाडी ठेवायला सपाट काँक्रीट मात्र एकाच ठिकाणी होतं, उत्तरेश्वररावांच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. हे उत्तरेश्वरराव म्हणजे दर निवडणुकीत आबांच्या विरुद्ध उभे राहणारे गृहस्थ. ते अगत्यानं म्हणाले, जागा तुमचीच समजा. अमरसिंहने गाडीवर कापड टाकलं, तेही व्यवस्थित दोरीनं बांधलं, आणि शीळ घालत चालत घरी आला.

गाडी उभी आहे म्हणजे नुसती उभी आहे, असं समजणारा जिल्ह्यात तो एकटाच असावा. आपल्याकडं कोण कुठल्या पक्षात आहे हे त्याला तोंडानं कुणी विचारत नाही. त्याची गाडी कुणाच्या दारात लागली ते बघतात. निवडणूक तोंडावर आली होती. संध्याकाळपर्यंत उत्तरेश्वररावांनी कापड काढून बॉनेटवर हार घातला, शेजारी उभं राहून फोटो काढला आणि खाली लिहिलं, "युवा नेतृत्वाचं आमच्या परिवारात स्वागत." यात कुठंही अमरसिंहचं नाव नव्हतं. उत्तरेश्वरराव खोटं लिहीत नसत.

शनिवारी सकाळी आबा दातांत काडी घालून ओट्यावर बसले होते. फोन वाजत होता, ते उचलत नव्हते.

"गाडी कुठं हाय?"

"जिनिंगमधी. फक्त उद्या सकाळपतूर, आबा. आता उंची बदलली तर सगळं बिघडतंय."

"आमचं बिघडलंय ते?"

"पण मी तर घरातच हाय."

"तू कुठं हाय हे कोण बघतंय बे? गाव गाडी बघतंय."

अमरसिंहने मार्ग सुचवले. ट्रकवर चढवून आणू म्हणाला. आबा म्हणाले, ट्रकवरची गाडी जप्तीतली दिसते. माणसं लावून प्रत्येक गतिरोधकावरून उचलून आणू म्हणाला. आबा म्हणाले, चौघांनी उचलून आणलेलं काहीही बरं दिसत नाही. शेवटी त्यानं धीर करून विचारलं की गतिरोधकच थोडे तासले तर. आबांनी दातांतली काडी काढली आणि त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं पान्यांची पिशवी उचलली.

जिनिंगच्या आवारात तो जॅक लावून गुडघ्यांवर बसला. एकेक चाक काढून बांगडी शेवटच्या आट्यापर्यंत वर फिरवली. बघायला बरीच माणसं जमली होती. एकानं विचारलं, हे करून ॲव्हरेज वाढतं का. आबा त्या आवारात पाय ठेवणार नव्हते. ते फाटकाबाहेर जीपमध्ये पाठ करून बसून राहिले. उत्तरेश्वररावांनी आत अमरसिंहला चहा दिला, बाहेर आबांनाही पाठवला. तो तसाच परत आला. "पाहुणा एक दिवस तरी राहिला," उत्तरेश्वरराव कप उचलत म्हणाले, "आमाला तेवढं बास हाय."

उंच झालेली गाडी हलगी लावून घरी आली. आबा पुढच्या सीटवर, आणि प्रत्येक गतिरोधकावर थांबा.

अमरसिंहने तरी आशा सोडली नव्हती. बांगडी वर घेण्याआधी त्यानं चारी नळकांड्यांवर बहिणीच्या नेलपॉलिशनं खूण केली होती. पहाटे उंच गाडी गावाबाहेर काढायची, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर बांगड्या पुन्हा बरोबर खुणेवर आणायच्या, म्हणजे शुक्रवारची अलाइनमेंट जशीच्या तशी मिळते. हिशोब पक्का होता. दुपारी जेवून तो आडवा झाला तो मेल्यासारखा झोपला.

पहाटे उठून त्यानं चाकाच्या मागं बॅटरी मारली. बांगडी काळी पडली होती आणि नळकांड्याला ठिकठिकाणी वेल्डिंगचे जाड टाके मारलेले होते. चारी चाकांना. लाल खूण जळून गेली होती. आतलं तेल उतून एका चाकाखाली थारोळं झालं होतं.

आबा कडक इस्त्रीच्या कपड्यात बाहेर आले. म्हणाले, काल तू झोपलास तेव्हा मुंजाजी वेल्डरला बोलावलं होतं. भला माणूस, मजुरी घेतली नाही. "आता कुणाच्या बापाला खाली येत न्हाई," ते म्हणाले आणि गाडीवर थाप मारली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलाची अडचण कायमची मिटवली याचं समाधान होतं. मग दार उघडून आत बसले. धर्मापुरीला लग्न होतं, आणि गाडी सगळ्या गावातून न्यायची होती.

अमरसिंहने बॅटरी विझवली. मग उठला, हात पुसले आणि स्टिअरिंगवर बसला. शिव्या बऱ्याच सुचत होत्या, पण बाप शेजारी असताना त्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न होता. पहिल्या गतिरोधकावरून गाडी उंटासारखी डुलत गेली. आबा म्हणाले, बघ, आता कशी गाडीसारखी गाडी वाटते. दुसऱ्यावर कुणीतरी ओट्यावरून हात केला. आबा खाली उतरून बोलायला गेले आणि ऊन चढलं तरी बोलतच राहिले.

फोन वाजला. पुण्याहून ट्रॅकवरचा माणूस विचारत होता, नोंदणी बंद व्हायला आली, कुठपर्यंत पोचलात?

"दुसऱ्या गतिरोधकावर हाय," अमरसिंह म्हणाला.

तो माणूस गोंधळला. म्हणाला, आमच्याकडं गतिरोधक नाहीत.

"म्हायती हाय," अमरसिंह म्हणाला.