टोपीची रिकामी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. वीतभर उंच, चारी बाजूंना काच, तळ आणि कडा सागवानी. माझा जन्म एका टोपीसाठी झाला. टोपी माझ्यात राहिली ती फक्त एक दुपार, आणि तीही उसनी.

आमच्या स्कॉटलंडमध्ये देशाकडून फुटबॉल खेळणाऱ्याला मखमली, गोंडेवाली टोपी मिळते. ती घालून कुणी बाजारात जात नाही. ती काचेत ठेवायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. क्लाइड नदीकाठच्या आमच्या गावात अशी टोपी कुणाच्याच घरी नव्हती. म्हणून डूगल टेनंटची राष्ट्रीय संघात निवड झाली, तेव्हा सारे गाव हरखून गेले.

डूगल बचावपटू होता. गोल मारणाऱ्याचे नाव होते, अडवणाऱ्याचे फक्त गुडघे जातात. सात वर्षे तो गावाच्या संघात इमानाने खेळला, पण त्याच्या वडिलांनी, वॅटीने, कौतुकाचा शब्द कधी काढला नाही. वॅटी जहाजाच्या कारखान्यात सुतार होता. "बरा खेळलास" एवढे बोलला, तरी डूगल आठवडाभर हवेत असायचा.

निवडीची बातमी आली आणि वॅटीने डेकसाठी आणलेल्या सागवानाचे उरलेले तुकडे घरी आणले. डूगल नॉर्वेला खेळायला गेला, त्या आठवड्यात मी घडले. एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडातच बसवलेले. जे त्याला तोंडाने बोलता येत नव्हते, ते तो रंध्याने बोलत होता. मला टेबलाच्या मधोमध ठेवून तो मुलाची वाट पाहत बसला.

डूगल परत आला, मला पाहिले आणि दारातच थबकला. कारण परतीच्या वाटेवर त्याला एक नियम कळला होता. टोपी मिळायची ती इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या शेजाऱ्यांशी खेळले तरच. इतर देशांशी खेळणाऱ्याला काही नाही. वॅटीच्या कानावर हे कधी आलेच नव्हते.

"कुठंय?" वॅटीने विचारले.

"येईल, बाबा. टपालानं येईल," डूगल म्हणाला.

बिचारा तरी काय करणार? पुढच्या वसंतात वेल्सशी सामना होता. तेव्हा खरी टोपी आणू आणि खोटे झाकू, असा त्याचा हिशेब. वॅटी मात्र रोज सकाळी पोस्टमनला गाठायचा. कारखान्यातले टवाळ लोक त्याला सोडतात होय?

"काय वॅटी, पेटी तर झकास झाली. मयत कधी आणताय?"

वॅटी हसण्यावारी न्यायचा. घरी आल्यावर मात्र माझी काच उगाचच पुसत बसायचा.

वेल्सविरुद्ध डूगलची निवड झालीही. पण आदल्या शनिवारी गावच्या मैदानावर चेंडू अडवताना त्याचा गुडघा पिरगळला आणि कट्कन आवाज झाला. पुढे चार वर्षे तो लंगडत खेळला, पण देशाचे बोलावणे पुन्हा आले नाही. आणि मी रिकामीच राहिले.

मग वॅटी आजारी पडला. जन्मभर जहाजांची धूळ छातीत साठली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचे माणूस धूसर. दवाखान्यात भेटीच्या वेळेला तो एकच विचारायचा, "आली का रे?"

एका रविवारी डूगलला राहवले नाही. त्याच्या संघात नंतर बाहेरगावाहून आलेला गोलरक्षक देशाकडून इंग्लंडशी खेळलेला होता. डूगलने त्याची टोपी मागून आणली, माझ्यात ठेवली आणि मला कोटाखाली झाकून दवाखान्यात नेले.

"आली, बाबा. उशीर झाला, पण आली."

वॅटीने टोपी हातात घेतली. लाकडावरून नुसते बोट फिरवून ते कुठल्या झाडाचे हे सांगणारा माणूस तो. त्याची बोटे मखमलीवरून फिरली, गोंड्यावरून फिरली आणि जरीने भरलेल्या, सामन्याच्या सालावर थांबली. आकडे त्याने दोनदा चाचपले. ते साल नॉर्वेच्या सामन्याच्या दोन वर्षे आधीचे होते. क्षणभर मला वाटले, आता फुटतेय बिंग.

"शोभते," वॅटी म्हणाला. "बरा खेळलास, पोरा."

डूगल चहा आणायचे निमित्त करून रडायला बाहेर गेला. वॅटीने माझ्या काचेवर टिचकी मारली आणि हळूच म्हणाला, "पाहिलंस ना? दुसऱ्याची मागून आणलीय गाढवानं. माझ्यासाठी! बोलू नकोस हं त्याला."

गुरुवारी वॅटी गेला.

टोपी गोलरक्षकाकडे परत गेली आणि मी कपाटावर गेले. डूगलला मी टाकवतही नव्हते आणि बघवतही नव्हते. अशी चौतीस वर्षे गेली. मग टोपीचा तो नियमच बदलला, जुन्या खेळाडूंनाही टोप्या द्यायचे ठरले आणि एक दिवस पोस्टमनने खरोखर खोके आणून दिले. गर्द निळी मखमल, त्यावर नॉर्वेच्या सामन्याचे साल. डूगलच्या बायकोने, एफीने, मला खाली काढले आणि माझी काच लख्ख केली. माझे सांधे आनंदाने उकलतात की काय असे मला वाटले.

"ठेव ना आत. कसला विचार करतोस?"

डूगलने टोपी माझ्याजवळ आणली. मग त्याचा हात मागे गेला.

"नको, एफी. या पेटीच्या साक्षीनं मी बाबांना फसवलंय. मरणाऱ्या माणसाला! तिच्यात ही कुठल्या तोंडानं ठेवू?"

"अरे, त्यांना बरं वाटावं म्हणूनच ना?"

"फसवलं ते फसवलं."

टोपी खणात, स्वेटरांच्या खाली गेली. मित्रांनो, तेव्हा मला किती ओरडावेसे वाटले म्हणून सांगू! अरे डूगल, तुझा बाप फसला नव्हता रे. त्याला सगळे कळले होते आणि कळूनच तो तुला बरा म्हणाला होता.

माझी निगा राखा, असे मागणे मी मागणार नाही. एफी दर शनिवारी माझी काच पुसते. एवढेच सांगते, कुणी तुमच्यावरच्या मायेपोटी खोटे बोलले आणि ते तुम्हाला कळले, तर कळल्याचे त्याला सांगून टाका. त्याला ते जन्मभर उराशी वागवू देऊ नका. डूगल आता शहात्तर वर्षांचा आहे. काल तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, माफ करा." मला तोंड नाही. वॅटीला होते.