पांढरं कार्ड

अस्वल समोर आलं तरी मी घाबरत नाही. पर्यटक सीटखाली घुसतात, ड्रायव्हर टेकचंद गिअरवर हात ठेवून श्वास रोखतो आणि मी हळू आवाजात सांगतो, "उठू नका, ते आपल्या वाटेनं जाईल." नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होऊन मला सात वर्षं झाली. पण सुई दिसली की माझ्या पायांतला जीव जातो. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, आणि त्यातूनच सगळं घडलं.

एकतीस डिसेंबरच्या दुपारी माझ्या खाकी शर्टाच्या खिशात एक बंद लिफाफा होता. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या अल्काताईंनी तो सकाळी दिला होता. त्या तोंडानंच सांगायला लागल्या तर मी म्हणालो, "ताई, सांगू नका. लिफाफ्यात टाकून द्या." मग कार्ड लिफाफ्यात टाकत म्हणाल्या, "आजच उघडजो, भाऊ. बायकोले नववा आठवडा चालू आहे. नागपूरले पोटातल्या लेकराची तपासनी होते, पन त्या तपासनीचे दिवस मोजके रायतेत."

एवढं बोलल्यावर आत काय असणार, हे कोणालाही कळलं असतं. मला जाणून घ्यायचं नव्हतं.

आमच्या भागात सिकलसेलची कार्डं घरोघरी सापडतात. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, पण रक्तात आजाराचं बी घेऊन फिरणारा. लाल म्हणजे आजारच. नवराबायको दोघंही पिवळे असले तर प्रत्येक लेकरामागे चारात एक धोका, की ते लाल निघेल. माझी बायको रेणू पिवळी. तिचा थोरला भाऊ हेमेंद्र लाल होता. हाडं ठणकायला लागली की तो उशी दातांत धरायचा आणि रेणू शाळा बुडवून त्याचे पाय दाबत बसायची. एकोणिसाव्या वर्षी तो गेला.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तिला बघायला गेलो, तेव्हा तिनं माझी कमाई विचारली नाही, शेत विचारलं नाही. चहाचा ट्रे ठेवला आणि सरळ म्हणाली, "कार्ड आनलं का?" माझी आई, सुलोचनाबाई, खूश झाली. कारण कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, आणि पांढरं होतं. त्यावर नाव माझं होतं. रक्त मात्र माझ्या धाकट्या भावाचं होतं, प्रफुलचं.

मी आठवीत होतो तेव्हा शाळेत तपासणीवाले आले. बोटाला सुई टोचत होते. ते पाहूनच मी मुताऱ्यांच्या मागं जाऊन बसलो. प्रफुल सातवीत, नाकडोळे माझेच. तो शोधत आला आणि म्हणाला, "महिनाभर सायकल देशीन तं तुह्या जागेवर मी बसतो." तो दोनदा रांगेत बसला, एकदा डाव्या हाताचं बोट आणि एकदा उजव्या हाताचं. टोचणारी माणसं परगावची, गुरुजी खिचडी वाटण्यात गुंतलेले. दोघांचीही कार्डं पांढरी आली. महिनाभर मी पायी शाळेत गेलो, म्हणजे आमचा हिशोब मिटला होता.

रेणूनं कार्ड मागितलं तेव्हा हे आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. कपातला चहा बशीत सांडला होता. पण मी मनाशी म्हटलं, आम्ही एकाच आईची लेकरं, त्याचं पांढरं तर माझं पिवळं कसं असेल? असला बावळट हिशोब मला त्या क्षणी अगदी पटला. रेणू समोर बसली होती आणि मला ती हवी होती. जानेवारीत गावातल्या विहारात आमचं लग्न झालं. माझं कार्ड तिनं आपल्या स्टीलच्या डब्यात, हेमेंद्रच्या लाल कार्डाजवळ ठेवून दिलं.

आता डिसेंबरात दिवस राहिल्याची नोंद करायला गेलो, तर नर्सबाईंनी रेणूचं पिवळं कार्ड पाहून माझं मागितलं. पांढरं पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग काहीच टेन्शन नाही." रेणू तोंडाला पदर लावून हसली. चौथ्या दिवशी मी कामावर जातो म्हणून निघालो आणि अल्काताईंच्या खुर्चीवर जाऊन बसलो. सुई टोचल्यावर खुर्चीवरून पडलो, ते सोडा.

तर त्या दुपारी चोरखमारा गेटातून आमची जिप्सी आत शिरली. मागं नागपूरचं कुटुंब होतं. काका, काकू आणि त्यांची मुलगी टीना. त्यांची एक रीत होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं चार गोष्टींचा आढावा द्यायचा. घर, तब्येत, काम आणि पैसा. काकांनी सांगितलं, पित्ताशय काढलं आणि तळलेलं सुटलं. काकू म्हणाल्या, "सुटलं कुठं, लपून खाऊन राहिले." टीनानं नोकरी सोडल्याचं सांगितलं, त्यावर काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मग ती माझ्याकडे वळली.

"गाईडभाऊ, आता तुमची बारी."

मी म्हणालो, "घर म्हणाल तर लग्न झालं. काम म्हणाल तर जूनपर्यंत भरपूर, मग पावसाळ्यात गेट बंद, म्हणून लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला गेलो. पैसा पुरला, वर आईच्या कानातलं झालं. तब्येत..."

तेवढ्यात उजवीकडून सांबर ओरडलं, म्हणजे वाघ जवळ असणार. टेकचंदनं गाडी बंद केली. पुन्हा ओरडलं, या वेळी जवळून. चौघंही बांबूच्या बेटाकडे बघत होते, काकूंनी काकांचा हात घट्ट धरला होता. आणि मी, ज्यानं बघायचं, तो खिशावर हात दाबून बसलो होतो. मला त्या बेटातल्या जनावराची भीती नव्हती. खिशात बोटभर जाडीचंही नसलेलं एक कार्ड होतं आणि त्याच्या भीतीनं माझे दात एकमेकांवर आपटत होते. टेकचंद हळूच म्हणाला, "काऊन रे, थंडी वाजून राहिली का?" मी मान हलवली. रेणूनं दाबलेले हेमेंद्रचे पाय मी कधी पाहिले नव्हते, पण त्या अर्ध्या तासात मला तेच दिसत होते, आणि ते फार लहान होते.

वाघ निघाला नाही. परतताना टीना म्हणाली, "भाऊ, तुमची तब्येत राहिली."

"चांगली आहे," मी म्हणालो.

गेटवर माणसं उतरली. मी तिकीटघराच्या मागं गेलो आणि लिफाफा फाडला. पिवळं होतं. नाव माझं, आणि या वेळी रक्तही माझंच. टेकचंदनं दोनदा हाक मारली तेव्हा निघालो.

घरी पोचलो तर दिवेलागण झाली होती. आई शेजारी गेली होती. रेणू शिलाई मशीनवर कोणाचं तरी ब्लाऊज संपवत होती. मी टाळाटाळ करत त्या नागपूरवाल्यांचा खेळ सांगायला लागलो. काकांचं तळलेलं ऐकून ती हसली. मग मशीन थांबवून म्हणाली, "मी सांगू माह्यं?"

"सांग."

"घर गमलं. सासू बोलते लगीत, दिवसभर बोलते, पन मनात ठेवत नाही. काम भेटलं, आता तं टेकचंदभाऊची बायको पन कपडा देते. पैसा जेवढा आला तेवढा पुरला." मग ती दोरा दातानं तोडता तोडता थांबली. "अन तब्येत. दादा गेला तवापासून मी रोज भेत होती. कोनाचे पाय दुखले तरी मले धडकी भरे. लेकरू नकोच म्हनत होती मी, माह्या आईले विचारा. ह्या एका वर्षात नाही भेली. तुमच्या कार्डामुळं."

मी तिला तेव्हा आवरायला पाहिजे होतं. ती बोलत असताना प्रत्येक शब्दानं मला भीती वाटत होती, आणि ती कार्डाची नव्हती, तिच्या चेहऱ्याची होती. तो आता बदलणार होता आणि बदलणारा मीच होतो. उद्या सांगू, नव्या वर्षात सांगू, असंही मनात आलं. अल्काताईंचे मोजके दिवस आठवले. मी खिशातून पिवळं कार्ड काढून मशीनवर ठेवलं. मग मुताऱ्यांपासून सायकलपर्यंत सगळं सांगितलं. चहा बशीत सांडला होता, तेही सांगितलं.

ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असंही. तिनं कार्ड उचललं, बल्बखाली धरून माझं नाव वाचलं, तारीख वाचली. तिचा एक हात पोटावर गेला होता, ते तिला कळलंही नसावं.

"तवा माहीत होतं?" तिनं विचारलं. "मी कार्ड मांगलं तवा?"

"होतं."

ती उठली. स्टीलचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, निघेना. मी पुढं झालो तर तिनं डबा छातीशी धरला. शेवटी झाकण निघालं. आपलं पिवळं आणि माझं नवं पिवळं कार्ड तिनं दवाखान्याच्या फाईलमध्ये ठेवलं. हेमेंद्रचं लाल थोडा वेळ हातात धरलं आणि परत डब्यात ठेवलं.

"नागपूरची पयली गाडी कितीले आहे?"

"पाच वाजता."

"साडेतीनले उठवा मले. मी झोपली असन तं."

मग डब्यातलं पांढरं कार्ड काढून तिनं माझ्या हातात दिलं.

"हे प्रफुलभाऊचं आहे," ती म्हणाली. "त्यायले देऊन द्या."