दोनशे बारा हुंकार

अकीलला सरकारी रेडिओत लागून एकोणीस दिवस झाले होते. या एकोणीस दिवसांत उमाकांत साहेबांनी त्याला एकच गोष्ट शिकवली: साडेचौदा मिनिटं म्हणजे साडेचौदा मिनिटं. साहेब माणसंही सेकंदांत मोजत. दारात रेंगाळणारा पाहुणा त्यांच्या लेखी कापण्याजोगा.

अकीलचं पहिलं स्वतंत्र ध्वनिमुद्रण धडगावच्या वरच्या एका पाड्यात झालं. तुळशीबाईंनी डोंगराच्या जन्माची गोष्ट त्यांच्या पावरी बोलीतून सांगितली. शेजारी बसलेला त्यांचा नवरा, इंद्रसिंग, प्रत्येक ओळीमागं "हूं" म्हणत होता. अकीलनं त्याला दोनदा हातानं गप्प राहायची खूण केली. पोरगा दाद देतोय असं वाटून म्हातारा आणखी मोठ्यानं हुंकारला.

मुद्रण भरलं सतरा मिनिटं वीस सेकंद. अकील नंदुरबारचा, लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या वाहिदभाईंचा मुलगा. खरखर ऐकू आली की हात शिवशिवायचे. दोन दिवस बसून त्यानं एकेक "हूं" उचलून काढला. दोनशे बारा निघाले. उरली साडेचौदा मिनिटं, बरोब्बर.

"भाऊ, तू तं न्हावीलेबी मागे टाकस!" साहेब म्हणाले. एकोणीस दिवसांतली ही पहिली शाबासकी.

प्रसारण शुक्रवारी होतं. बुधवारी रविनाचा फोन आला. ही त्या दोघांची नात, मुद्रणाच्या दिवशी मधे बसून बोलणं समजावणारी.

"दादा, आजोबा सोमवारी गेले."

अकीलनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आजीनं रेडिओ उशाशी घेतलाय. म्हणते, शुक्रवारी ते बोलतील."

"ते... हूं म्हणत होते, ते गोष्टीत लागतंच का?"

"म्हणजे काय दादा? हुंकार थांबला की सांगणारा तिथंच थांबतो. ऐकणारा झोपला म्हणायचं. आजीला चाळीस वर्षं हुंकार त्यांनीच दिला."

मूळ मुद्रण संगणकात शाबूत होतं. अकील ते घेऊन साहेबांकडं गेला.

"सतरा मिन्टं? बातम्या तुन्हाकरता थांबतीन का?"

"नाही, सर."

"मंग? हूं ठेव नहीतं गोष्ट ठेव."

अकीलनं पाड्यावर फोन लावला. हुंकार ठेवले तर शेवट कापावा लागेल. डोंगर अर्धाच उभा राहील. रविनानं आजीला विचारलं. लांब कुठंतरी शेळी ओरडत होती.

"आजी म्हणते, गोष्ट तिला येते. ती पुन्हा कुणालाही सांगेल," रविना म्हणाली. "त्यांचं हूं तिला येत नाही."

शुक्रवारी साडेचौदा मिनिटं भरत आली तेव्हा डोंगर कंबरेइतकाच वर आला होता. तुळशीबाईंची ओळ संपली. अकीलनं बोट फेडरवर ठेवलं. पण इंद्रसिंगचा "हूं" पुरता होऊ दिला, मगच आवाज खाली घेतला. बातम्या सुरू झाल्या.

उमाकांत साहेबांनी नोंदवही उघडली. 'कार्यक्रम अपूर्ण,' असं लिहिलं. पुढचा रकाना कारणाचा.

"काय लिहू?"

"माझी चूक लिहा, सर."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, किती सेकंद ते कुणी मोजलं नाही. मग सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एक रकाना कोरा सोडून त्यांनी खाली सही केली.