बिनकिल्लीची माणसं

सुनेने ती काळी पेटी शिवणाच्या खोलीतल्या फळीवर ठेवली, तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे आता परक्यांची अडगळ आपल्या घरात!"

काकू कपडे दुरुस्त करून द्यायच्या. कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, उसवलेली अस्तरं जोडायची, पँटच्या चेन बदलायच्या. त्यांचे यजमान तलावावर पोहायला शिकवायचे. ते काम सुटलं तरी लोकांसाठी ते मास्तरच राहिले. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात ही तिघंच.

"अडगळ नाही हो, आई," सून म्हणाली. ती आणि तिचे सोबती एक ॲप चालवत. लोक त्यात आपलं खाजगी ठेवत, म्हणजे डायऱ्या, फोटो, आवाज, डॉक्टरांचे रिपोर्ट. "ठेवणाऱ्याच्या फोनमध्येच त्याला कुलूप लागतं. मग त्याचे तुकडे होतात आणि आपल्यासारख्या घरांतल्या पेट्यांमध्ये विखुरतात. ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वहीत, जातो तो फक्त त्याचा ठसा. वस्तू कुणाची आहे आणि तिला कुणी हात लावलेला नाही, एवढं त्यावरून कळतं."

"चेन तर मीपण बसवते," काकू म्हणाल्या. "आणि किल्ली?"

"ज्याची त्याच्याकडे. आमच्याकडेसुद्धा नसते."

"हरवली तर?"

"तर गेलं. मग ते कुणालाच उघडता येत नाही."

"असली कसली तिजोरी!" मास्तर बाहेरून ओरडले. सुनेने हसून पेटीचं बटण दाबलं. एक हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि काकूंनी शिवण पुढे ओढलं.

थोड्या दिवसांनी एक बाई कोट घेऊन आली. कोट पुरुषाचा होता, फार वापरलेला नव्हता, आणि खरं तर त्याला काहीच झालं नव्हतं. "बटणं घट्ट करून द्या," ती म्हणाली, आणि बसू का म्हणून न विचारता फळीखालच्या स्टुलावर बसली. बोलत होती अगदी हळू, पलीकडे कुणी झोपलंय असं वाटावं तसं. बटणं झाली तरी ती उठेना.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. तोच कोट, तीच बटणं. तिसऱ्यांदा आली तेव्हा काकूंनी कोट बाजूला ठेवला. "बाई, बटणं मी मागेच पक्की केलीत. तुमचं खरं काम काय आहे?"

ती वर पेटीकडे बघत म्हणाली, "माझा मुलगा इथे आहे."

काकूंच्या हातातली सुई बोटात गेली.

मुलगा तरुण होता. एके दिवशी कामावरच छातीत कळ येऊन पडला, तो उठलाच नाही. मनातलं सगळं तो त्या ॲपमध्ये बोलून ठेवायचा आणि किल्ली फक्त त्याच्या डोक्यात होती. "उघडून द्या म्हणायला नाही आले मी," बाई म्हणाली. "ते होणार नाही, हे मला सांगून झालंय. नुसती जवळ बसते. त्याचा एक तुकडा इथे आहे. बाकीचेही सापडलेत. एक बेकरीत आहे, एक नदीपलीकडे एका वकिलाच्या घरी. तिथे मला आत घेत नाहीत, मी जिन्यात बसते."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"चालता चालता कळतं," ती म्हणाली. जास्त काही तिला सांगताच येईना.

संध्याकाळी काकूंनी सुनेला हे सांगितलं, तशी ती ताडकन उठली. "शक्यच नाही! कुठला तुकडा कुठे आहे ते मलाच दिसत नाही. तसंच बांधलंय आम्ही. कुठून तरी माहिती फुटतेय."

ती दोन दिवस लॅपटॉपला चिकटून राहिली. कुठेच काही फुटलेलं नव्हतं. मग तिने एक युक्ती केली. कुणाला न सांगता तिने आपल्या पेटीला आतले सगळे तुकडे दुसऱ्या घरांकडे सोपवायला लावले. पेटी जागची हलली नाही, दिवाही तसाच लुकलुकत राहिला. बाई येण्याच्या दिवशी सून काम बाजूला ठेवून घरी थांबली.

बाई जिना चढून वर आली. उंबरठ्यावर एक पाय आत टाकला आणि तो तसाच मागे घेतला.

"इथून गेला," ती म्हणाली. रागावली नाही, रडली नाही. बसस्टॉपवर बस चुकलेल्या माणसासारखी घटकाभर उभी राहिली आणि खाली उतरली.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकूंनी तिला पाणी दिलं. "माझी गंमत झाली, आई," ती कशीबशी म्हणाली, "आणि तिला पुन्हा सगळं शहर पालथं घालावं लागणार."

त्या दिवसापासून काकूंचं शिवणात लक्ष लागेना. रिकाम्या स्टुलाकडे नजर जायची. महिन्याभराने दाढ ठणकायला लागली म्हणून त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या, तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती बाई बसलेली.

"रोज येतात," स्वागताच्या टेबलामागची मुलगी कुजबुजली. "दात काही दाखवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बसू दे."

काकूंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. काळी पेटी होती.

बाईने त्यांना ओळखलं आणि जवळची खुर्ची सरकवून दिली. दोघी शेजारी बसून राहिल्या. काकूंची दाढ ठणकायची थांबली नव्हती, पण तिचं त्यांना भानच राहिलं नाही.

घरी येऊन त्यांनी सुनेला धरलं. "काहीतरी कर."

"मी स्वतःच अडकलेय, आई." सून खुर्चीत कोसळली. ज्यांच्या किल्ल्या कायमच्या हरवल्याचं घरच्यांनी कळवलंय त्यांचं सामान सगळीकडून पुसून टाकायचं, असा कौल ॲपच्या सभासदांनी दिला होता. उघडणारच नाही ते किती दिवस सांभाळायचं, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. पुसायचा प्रोग्रॅम तिलाच लिहायचा होता.

"म्हणजे त्या बाईचा मुलगा...?"

"तोसुद्धा."

"वाचवायचा काहीच मार्ग नाही?"

"एक आहे. हे मी सांभाळते असं एखाद्या पेटीने आधी कळवलं, तर ते पुसलं जात नाही. नियमच आहे तसा. कुणी तो वापरत नाही, एवढंच."

"मग वापर की!"

"एकट्या त्याच्यासाठी? आणि बाकीचे? त्यांच्याही आया असतील."

मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. एरवी त्यांची थट्टा ठरलेली, पण ते एवढंच म्हणाले, "फळी मजबूत आहे. अजून पेट्या मावतील."

सुनेने पुसायचा प्रोग्रॅम लिहून दिला, कारण कौल कौलच होता. पण तो चालू व्हायच्या आदल्या दिवशी तिने आणखी चार पेट्या आणून फळीवर मांडल्या आणि किल्ली हरवलेल्यांचं जेवढं मावेल तेवढं सगळं आपल्याकडे ओढायला लावलं. दिवसभर हिरवे दिवे एकसारखे लुकलुकत राहिले. खोली तापली. काकूंनी पंखा लावला, खिडकी उघडली, तरी त्या पेट्यांकडे पाठ करून बसणं त्यांच्या जिवावर येत होतं. शेवटी त्यांनी मशीनच फिरवून घेतलं आणि पेट्यांकडे तोंड करून शिवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला म्हणून त्यांनी दार उघडलं. पहिल्या पायरीवर ती बाई बसली होती. तिच्या खाली पिशवी घेतलेला एक माणूस. त्याच्या खाली एकमेकींचा हात धरलेल्या दोघी बहिणी. मग आणखी कुणी, आणखी कुणी, वळणापर्यंत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. घंटीही कुणी वाजवली नव्हती.

काकूंनी आत जाऊन सुनेला हलवलं. "तू कुणाला कळवलंस का गं?"

"नाही, आई. तुम्ही?"

"मी कुणाला कळवणार?"

सून दारापर्यंत आली आणि भिंतीला टेकली. तिच्या अंगावर काटा आलेला काकूंना दिसला. त्यांच्याही आला होता. पण जिन्यात माणसं ताटकळत होती. त्यांनी दार सताड उघडलं. "या, आत या. जागा होईल तसे बसा."

ती बाई पहिली आत गेली आणि स्टुलावर बसली. "आता सगळा आलाय," ती काकूंना म्हणाली. तिचा चेहरा असा सैल पडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. खोली भरली, मग बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर. मास्तरांनी शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या आणि कशासाठी ते सांगितलं नाही. एवढी माणसं घरात, पण आवाज फक्त पंख्याचा.

सगळ्यात शेवटी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना सगळ्यांनी वाट दिली. ते एकेका पेटीसमोर जाऊन उभे राहिले, शेवटच्या पेटीसमोर जरा जास्त वेळ. मग त्यांनी मान हलवली.

"माझी ही इथे नाही," ते म्हणाले.

सुनेने मान खाली घातली. मावलं नव्हतं ते सगळं आज पहाटेच पुसलं गेलं होतं.

"अशी आणखी घरं कुठे आहेत, बाई?" त्यांनी काकूंना विचारलं.

"मला नाही माहीत," काकू म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "बसा तरी जरा. चहा घ्या."

"नको. उजेड आहे तोवर फिरतो."

काकू खिडकीशी गेल्या. म्हातारे गृहस्थ रस्त्यावर पोचले होते. प्रत्येक दारापाशी थोडं थांबत, थोडं ऐकत, ते पुढे चालले होते.