मान तर वळते!

बायकोला रंगेहाथ पकडायचं, असं सुतारानं पक्कं ठरवलं होतं. टेम्पोनं त्यांच्या गाडीला मागून धडक दिली, त्याला दहा दिवस झाले होते. त्या दिवशी बाई ठणठणीत! टेम्पोवाल्याशी भांडायला तीच पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराच्या बहिणीचा फोन आला, की दोन महिने राहायला येते, आणि तासाभरात हिची मान धरली. गाडी एक, धडक एक, आणि याच्या मानेला काही म्हणजे काही नाही. एवढा योगायोग त्याच्या पचनी पडेना.

तेव्हापासून तो डोळ्यांत तेल घालून पाळतीवर होता. दुकानातून अवेळी घरी यायचा, चपला बाहेर काढून पाऊल न वाजवता आत शिरायचा. काल पुरावाच मिळाला. मानेचा पट्टा खुंटीवर आणि बाईसाहेब आरशासमोर मान डावीउजवीकडे वळवतायत! त्याला राग आला, पण त्याहून वाईट वाटलं. चौदा वर्षांत ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. बहिणीला आज ये किंवा नको कळवायचं होतं, म्हणून तो दुकान बंद ठेवून बायकोबरोबर फिजिओथेरपीच्या मॅडमकडे आला.

"मॅडम, ही घरी पट्टा काढून मान फिरवते," त्यानं बसल्या बसल्या चहाडी केली.

"मीच सांगितलंय. सारखा पट्टा बांधला की मान आणखी आखडते. हळूहळू हलवायची, फार दुखलं की थांबायचं."

"पण धडकेच्या दिवशी काहीच दुखत नव्हतं!"

"झटक्यानं स्नायू ताणले जातात. बऱ्याचदा दुखणं दुसऱ्या दिवशीच वर येतं."

"मग मला कसं काही झालं नाही?" सुतारानं हुकमी पान टाकलं.

मॅडम लिहायच्या थांबल्या. "ताई, तुमच्या सीटला डोक्यामागची उशी होती ना? नसेल तर मान फार मागे जाते. मग व्यायाम थांबवून आधी नीट तपासावं लागेल."

सीट आडवी करून लांब फळ्या घालायच्या म्हणून सुतारानंच ती उशी महिन्यापूर्वी काढली होती. दुकानात भुशाच्या पोत्यामागे पडली होती. हिनं दोनदा आठवण करून दिली, दोन्ही वेळा तो म्हणाला, "उद्या बसवतो गं."

"होती की," बायको खाली बघत म्हणाली. "जरा खाली असेल."

दहा दिवस तो जिच्या मागावर होता, ती थाप अखेर सापडली होती. आणि ती त्याच्यासाठी मारलेली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नव्हती, मॅडम. मीच काढली होती."

मॅडमनी व्यायामाचा कागद बाजूला सारला. "ताई, हाताला मुंग्या वगैरे येतात का?"

"चार दिवस झाले. डाव्या हाताला."

"अगं, मग बोलली का नाहीस?" सुतार उठून उभा राहिला.

"तुम्हाला नाटक वाटलं असतं."